आलेल्या इशाऱ्यास पोच द्यावी : महाराष्ट्रातील इंटरनेट-सेवा पुरवठादारांस खुले पत्र

कायझर्सलाउटर्न, जर्मनी

महाराष्ट्रातील लहानमोठ्या सर्व इंटरनेट-सेवा पुरवठादार संस्थांचे मालक, संचालक व तांत्रिक कारभारी यांस,



आपल्या संस्थेच्या नावे नोंदलेल्या एखाद्या ई-मेल पेटीत, दूरदेशीच्या कोणा अपरिचित अभ्यासकाने पाठविलेले असे एक पत्र बहुधा आजही न उघडता पडून असेल की, आपल्या अमुक पत्त्यावरील यंत्र जगातील कोणाच्याही प्रश्नास उत्तर देते, त्यामुळे त्याचा उपयोग तिसऱ्याच माणसावर हल्ला चढविण्याकडे करता येतो, सबब त्याचा बंदोबस्त करावा. असे पत्र वाचले जावे, त्याची पोच दिली जावी, त्यावर कार्यवाही व्हावी, आणि ते पाठविणाऱ्यास आरोपी ठरविण्याची भाषा कोणी करू नये, एवढ्या मागणीसाठी मी आपणां सर्वांस एकत्रच, आणि उघडपणे, लिहीत आहे.

मी संगणकजालांच्या व्यवसायात आहे आणि गेली काही वर्षे कायझर्सलाउटर्न येथे राहतो. नैऋत्य जर्मनीतील पफाल्झच्या विस्तीर्ण अरण्याला टेकलेले, सुमारे एक लाख वस्तीचे हे नगर सम्राट बार्बारोसाच्या राजवाड्याच्या अवशेषांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना, १९५४ साली विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघाचा कर्णधार फ्रिट्झ वाल्टर याच्यामुळे फुटबॉलच्या रसिकांना, आणि १८६२ साली येथे सुरू झालेल्या पफाफ कारखान्याच्या शिवणयंत्रांमुळे जुन्या शिंप्यांना ठाऊक असेल. १९७० साली येथे विद्यापीठ आले, १९८८ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि शिवणयंत्रांचे हे गाव हळूहळू संगणकशास्त्राचे गाव झाले. याच गावातील उपयोजित विज्ञानांच्या उच्च विद्यालयावर जून २०२३ मध्ये खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला, तेव्हा सहा हजारांवर विद्यार्थी असलेल्या त्या संस्थेचे दूरध्वनी, ई-मेल, संगणककक्ष आणि ग्रंथालय अशा सर्व व्यवहारांस एकाच वेळी खीळ बसली. तो हल्ला या पत्राचा जो विषय आहे त्या जातीचा नव्हता. परंतु एखादी संस्था जगापासून तुटते म्हणजे काय होते, तेथील नोंदणी, परीक्षा, पगार आणि साधी चौकशीसुद्धा कशी अडून राहते, हे त्या दिवसांत येथील सर्वसामान्य नागरिकाने जवळून पाहिले. मी लिहितो आहे तो हल्ला हीच अवस्था फार थोड्या खर्चात, कोणाचेही कुलूप न तोडता घडवून आणतो, आणि ते करताना तो आपली, म्हणजे आपणां पुरवठादारांची, यंत्रे वापरतो.

त्याची रीत सांगतो. आपल्यापैकी अनेकांना ती ज्ञात असेल, पण हे पत्र आपल्या ग्राहकांनीही वाचावे अशी इच्छा असल्यामुळे हा विस्तार करणे भाग आहे. इंटरनेटवरील दळणवळणाचे दोन मुख्य शिरस्ते आहेत. त्यांपैकी टीसीपी नावाच्या शिरस्त्यात संभाषणास आरंभ होण्यापूर्वी दोन्ही यंत्रे परस्परांची खातरजमा करून घेतात. यूडीपी नावाच्या दुसऱ्या शिरस्त्यात अशी कोणतीही औपचारिकता नसते, प्रश्न आला की उत्तर जाते, आणि ते उत्तर प्रश्नाच्या पाकिटावर प्रेषक म्हणून जो पत्ता लिहिलेला असेल त्या पत्त्यावर जाते, मग तो पत्ता खरा असो वा बनावट. जुन्या पिढीच्या वाचकांना व्ही. पी.ने पुस्तके मागविण्याची पद्धत आठवत असेल. एखाद्या दुष्ट माणसाने गावातील एका सज्जनाच्या नावाने पुण्यामुंबईच्या शंभर ग्रंथविक्रेत्यांना साधी पोस्टकार्डे टाकून मोठमोठ्या मागण्या नोंदवाव्यात, आणि आठवड्याभरात त्या सज्जनाच्या ओसरीवर पार्सलांचा असा ढीग यावा की, त्याला स्वतःच्या घराच्या दाराबाहेर पडणे अशक्य व्हावे आणि त्याचे खरे टपालही त्या ढिगात गडप व्हावे, तसा हा प्रकार आहे. त्यात ग्रंथविक्रेत्यांनी अप्रामाणिकपणा केलेला नाही, पोस्टखात्याने कसूर केलेली नाही, आणि ज्याने हे घडविले त्याचे हस्ताक्षर एकाही पार्सलावर सापडत नाही.

पार्सलाच्या वजनाला पोस्टकार्डाच्या वजनाशी जे प्रमाण असते, त्याला या शास्त्रात प्रवर्धनाचा गुणक म्हणतात. नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेत तो २८ पासून ५४ पर्यंत जातो, म्हणजे एक भाग प्रश्नाला पन्नासाहूनही अधिक भाग उत्तर मिळू शकते. संगणकांची घड्याळे जुळविणाऱ्या एनटीपी यंत्रणेत तो ५५६ च्या वर गेला होता. आणि संकेतस्थळांचा वेग वाढविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मेमकॅश्ड नावाच्या प्रणालीत तर ५१,००० इतका प्रचंड गुणक नोंदला गेला आहे. सेकंदाला एक मेगाबिट इतकाच मजकूर बाहेर पाठवू शकणाऱ्या घरगुती जोडणीवरून, एनटीपीच्या आधारे, साडेपाचशे मेगाबिटांचा लोंढा तिऱ्हाइतावर सोडता येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या हल्ल्यांना मोठी सेना, मोठा पैसा वा मोठी विद्या का लागत नाही याचा उलगडा होतो. त्यांना लागतात फक्त दोन गोष्टी : प्रेषकाचा पत्ता खोटा लिहिलेले पाकीट बाहेर जाऊ देणारा एक पुरवठादार, आणि त्या पाकिटास निमूटपणे उत्तर देणारी हजारो यंत्रे.

अशा लोंढ्याखाली बुडण्याचा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील अनेक पुरवठादारांवर असाच महापूर सोडण्यात आला. सेकंदाला २०० गिगाबिट हा त्याचा आकडा त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाला, राज्याच्या सायबर विभागाचे तत्कालीन विशेष पोलीस महानिरीक्षक ब्रिजेश सिंह यांनी हल्ल्यास दुजोरा दिला, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली फिर्यादही दाखल झाली. आपल्यापैकी ज्यांनी ते दिवस काढले त्यांना, ग्राहकांचे अखंड वाजणारे दूरध्वनी, वरच्या पुरवठादाराकडे केलेल्या विनवण्या, आणि कोणता पत्ता बंद केला म्हणजे बाकीचे गाव वाचेल हा रात्रभर चाललेला हिशेब निश्चित आठवत असेल. मला विचारावयाचे ते असे की, त्या रात्री जर पीडिताच्या जागी आपण होतो, तर अन्य कोणा रात्री, दुसऱ्या देशातील एखाद्या रुग्णालयावर वा शाळेवर येणाऱ्या लोंढ्यातील एक धार आपल्याच कार्यालयातल्या राउटरातून निघत नव्हती, हे कोण छातीठोकपणे सांगू शकेल?

या हल्ल्यांचे वैशिष्ट्य, आणि त्यांच्या चिवटपणाचे मूळ, येथेच आहे. ज्याच्या यंत्राचा दुरुपयोग होतो त्याला त्याची झळ क्वचितच जाणवते. त्याची वरच्या जोडणीची क्षमता थोडी अधिक खर्च होत असेल, संध्याकाळी वेग थोडा मंदावत असेल, पण त्याची सेवा चालू असते, देयके वसूल होत असतात, आणि तक्रार करावयास कोणी दारात उभा राहत नाही. ज्याची सेवा बुडते त्याला मात्र हजारो पत्त्यांवरून येणारे पाणी दिसते, त्या प्रत्येक पत्त्यामागे कोण बसले आहे याचा शोध घेण्यास त्याच्याकडे वेळ नसतो, आणि मूळ अपराध्याचा पत्ता तर त्या पाण्यात कोठेच लिहिलेला नसतो. दुरुस्ती एकाच्या हाती, नुकसान दुसऱ्याच्या माथी, आणि दोघांची ओळख नाही, अशा या विचित्र मांडणीत दोघांना जोडणारा दुवा एकच उरतो, तो म्हणजे संपूर्ण इंटरनेटची पाहणी करून, कोणते यंत्र उघडे आहे हे हुडकून, त्याच्या मालकास सौजन्याने कळविणारा अभ्यासक. त्याचे पत्र हरवले की दुवा तुटतो.

हे उघडेपण बहुधा कोणाच्या दुष्टबुद्धीतून आलेले नसते. जिल्हा पातळीवर परवाना घेऊन काम करणाऱ्या छोट्या पुरवठादारांच्या हाती लाटव्हियातील मायक्रोटिक कंपनीचे राउटर पुष्कळ वेळा दिसतात, आणि ते सुबक व स्वस्त असल्यामुळे दिसणे स्वाभाविकही आहे. त्यांत डीएनएसच्या पानावर बाहेरून आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यावे किंवा कसे, असा एक छोटा चौकोन असतो. ग्राहकांना सेवा द्यावयाची म्हणून तंत्रज्ञ तो चौकोन टिचकी मारून भरतो, ते योग्यही असते. परंतु प्रश्न आपल्या ग्राहकाचा आहे की ब्राझीलमधल्या कोणा अनोळखी माणसाचा, याचा विवेक तो चौकोन करीत नाही, तो विवेक फायरवॉलमध्ये स्वतंत्र नियम लिहून शिकवावा लागतो, आणि घाईच्या दिवशी तो नियम लिहावयाचा राहून जातो. एवढ्याशा विस्मरणाने एक यंत्र जगाच्या सेवेस रुजू होते. त्या तंत्रज्ञास कोणी सांगितल्याखेरीज हे कळण्याचा मार्ग नाही, आणि ज्याने सांगितले त्याच्यावर रागावण्याचेही कारण नाही.

सांगण्याने काय साधते याचा एक प्रत्यक्ष पुरावा इतिहासात आहे, आणि तो मी थोडा सविस्तर मांडतो, कारण माझी सारी मागणी त्यावर उभी आहे. एनटीपी यंत्रणेत, आपल्याकडे वेळ विचारावयास आलेल्या शेवटच्या सहाशे यंत्रांची यादी सांग, असा एक कारभारी स्वरूपाचा हुकूम पूर्वापार होता. त्याचे नाव मॉनलिस्ट. देखरेखीच्या सोयीसाठी दिलेली ही सवलत २०१३ च्या अखेरीस हल्लेखोरांच्या हाती सापडली, आणि जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या शासकीय संगणक-सुरक्षा दलाला त्याविषयी जाहीर इशारा द्यावा लागला. त्याच सुमारास क्रिस्तियान रोसो या तरुण जर्मन संशोधकाने, जे पुढे कायझर्सलाउटर्नपासून आगगाडीने तासाभराच्या आत असलेल्या सारब्रुकेन येथे प्राध्यापक झाले, यूडीपीवर चालणारे तब्बल चौदा शिरस्ते अशा प्रवर्धनास बळी पडतात हे दाखवून दिले. परंतु दाखवून देऊन ते थांबले नाहीत. बोखुम येथील सहकाऱ्यांसह त्यांनी उघड्या यंत्रांची दर आठवड्यास गणती केली, याद्या केल्या, त्या निरनिराळ्या देशांच्या आपत्कालीन संगणक-दलांकडे व यंत्रनिर्मात्यांकडे पोहोचविल्या, आणि सर्वांनी मिळून राबविलेल्या या मोहिमेत काही आठवड्यांतच मॉनलिस्टला उत्तर देणाऱ्या यंत्रांची संख्या ९२ टक्क्यांहून अधिक घटली. कोणताही कायदा बदलला नव्हता, कोणास अटक झाली नव्हती. पत्रे गेली, पुष्कळ ठिकाणी ती वाचली गेली, आणि जगभरच्या असंख्य अनाम तंत्रज्ञांनी आपापल्या यंत्रांत दोन ओळी बदलल्या. मला हा आधुनिक नागरिकधर्माचा एक अत्यंत सुंदर प्रसंग वाटतो, आणि त्याची हकिगत आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत सांगितली जात नाही याचे दुःख होते.

२८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांच्या जगप्रसिद्ध भांडारावर मेमकॅश्डच्या मार्गाने सेकंदाला १.३५ टेराबिटांचा लोंढा आला आणि काही मिनिटे ते भांडार दिसेनासे झाले, तेव्हाही उपाय हाच होता : मालकांना कळविणे, आणि त्या प्रणालीच्या नव्या आवृत्तीत यूडीपीचे दार मुळातच बंद ठेवणे.

मार्च २०२४ मध्ये याच सारब्रुकेनमधील एका संशोधनकेंद्रातून जे जाहीर झाले ते अधिक चिंताजनक आहे, आणि जबाबदारीने जाहीर करणे म्हणजे काय याचा ते वस्तुपाठही आहे. दोन यंत्रे अशी असली की, चुकीचा संदेश आला म्हणजे दोन्हीही चुकीचाच संदेश परत पाठवितात, तर बनावट प्रेषकाच्या केवळ एका पाकिटाने त्या दोघांत असा अखंड वाद पेटविता येतो की, तो पेटविणाऱ्यालाही पुढे विझविता येत नाही. सुमारे तीन लाख यंत्रे या दोषास बळी पडू शकत असल्याचा संशोधकांचा अंदाज होता, आणि ज्या यंत्रनिर्मात्यांनी आपल्या उत्पादनात हा दोष असल्याचे मान्य केले त्यांत मायक्रोटिकचेही नाव होते. एवढे मोठे गुपित हाती असूनही त्या संशोधकांनी आधी डिसेंबर २०२३ मध्ये निर्मात्यांना व विश्वासू जालचालकांना खाजगीरीत्या कळविले, दुरुस्तीस अवधी दिला, आणि मगच जगासमोर विषय मांडला. उघड्या यंत्रांच्या मालकांना कळविण्यासाठी त्यांनी शॅडोसर्व्हर या ना-नफा संस्थेचे साहाय्य घेतले, जी संस्था जगातील कोणत्याही जालमालकास त्याच्या स्वतःच्या पत्त्यांविषयीचा दैनिक अहवाल विनामूल्य पाठविते.

आता आपल्या दाराशी येऊन थांबणाऱ्या पत्राकडे वळतो. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी, त्यांत बर्कलीचे विद्यार्थी अग्रभागी होते, हजारो जालमालकांना निरनिराळ्या पद्धतींनी कळवून पाहिले. कोणत्या वाटेने गेलेले पत्र कामी येते हा त्यांचा प्रश्न होता, आणि ज्या दोषांविषयी त्यांनी लिहिले त्यांत प्रवर्धनाचाही समावेश होता. निष्कर्ष असा निघाला की, राष्ट्रीय दलांच्या मार्फत फिरून गेलेल्या पत्रांपेक्षा, पत्त्यांच्या सार्वजनिक नोंदवहीत दिलेल्या संपर्कावर थेट गेलेले, सविस्तर माहितीचे पत्र अधिक परिणामकारक ठरते. त्याच वर्षी सारब्रुकेनच्या मंडळींनी संकेतस्थळांच्या दोषांबाबत असाच प्रयोग केला, तेव्हा खरी अडचण पत्र योग्य माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचण्याचीच आहे असे त्यांना दिसून आले. या दोन अभ्यासांतून निघणारे अनुमान सरळ आहे. आपल्या नावापुढे त्या नोंदवहीत जो ई-मेल लिहिलेला आहे, तोच आपल्या संस्थेचा जगासाठीचा खरा दरवाजा होय. दर्शनी भागातील झगमगती पाटी ग्राहकांसाठी असते.

तो दरवाजा कसा असतो ते मी पाहिलेले आहे. पुष्कळदा तेथे संस्था काढून देणाऱ्या सल्लागाराचा पत्ता असतो, जो केव्हाच दुसऱ्या व्यवसायात गेलेला आहे. कधी नोकरी सोडून गेलेल्या अभियंत्याचा. कधी पेटी भरून ओसंडल्यामुळे पत्र परत येते. आणि एका पुरवठादाराकडून तर, ज्याचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, उत्तर आले ते वकिलाच्या सहीने, आमच्या यंत्रांची अनधिकृत तपासणी का केली याचा खुलासा मागणारे. आशिया-प्रशांत विभागाच्या पत्ता-निबंधकांनी २०१९ पासून दर सहा महिन्यांनी अशा संपर्काची पडताळणी करण्याचा नियम केला आहे, तो योग्यच आहे. पण दुव्यावर टिचकी मारून पत्ता जिवंत असल्याची खूण करणे वेगळे, आणि त्या पत्त्यावर आलेले पत्र सोमवारी सकाळी एका जबाबदार माणसाने वाचणे वेगळे. गैरवापराच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेने ‘अब्यूज’ या नावाची पेटी ठेवावी असा संकेत तर १९९७ पासून लेखी आहे.

वकिलाच्या त्या पत्राविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण त्यामागची भीती खरी आहे. अनोळखी माणूस आपल्या दाराची कडी हलवून पाहतो, ही कल्पना कोणासही रुचणारी नाही, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यांच्या वेषात पैसे उकळू पाहणारेही हिंडतात हे मला ठाऊक आहे. दोघांतील भेद मात्र सहज ओळखता येतो. प्रामाणिक अभ्यासक आपले नाव, संस्था आणि पाहणी कोणत्या पत्त्यावरून केली ते आरंभीच सांगतो. कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, कोणत्या पत्त्यावर व पोर्टवर कोणता प्रश्न पाठविला आणि उत्तर किती मोठे आले ते अंकांत लिहितो. तो प्रश्न कोणत्याही वापरकर्त्याला विचारता येईल असा सार्वजनिक स्वरूपाचाच असतो, त्यात परवलीचा शब्द लागत नाही व कोणाची खाजगी माहिती उघडत नाही. दुरुस्ती कशी करावी ते तो विनामोबदला सुचवितो, वाजवी मुदत देतो, आणि आपल्या पत्त्यांची यादी कधीही चव्हाट्यावर मांडीत नाही. ज्या पत्रात दोषाचा तपशील गुलदस्त्यात ठेवून आधी बक्षिसाची बोलणी केलेली असतात, ते पत्र खुशाल बाजूस ठेवावे. अभ्यासकांनीही ही मर्यादा कसोशीने पाळली पाहिजे, आणि जे पाळीत नाहीत त्यांची वकिली मी करणार नाही.

परंतु जे पाळतात त्यांच्या डोक्यावर आज कायद्याची तलवार टांगलेली आहे, येथेही आणि तेथेही. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ४३ व ६६ या कलमांत, अप्रामाणिक हेतूने केलेल्या अनधिकृत प्रवेशास तीन वर्षांपर्यंत कैद वा पाच लाखांपर्यंत दंड सांगितला आहे; सद्भावनेने पाहणी करणाऱ्यास स्पष्ट अभय त्यात कोठेही लिहिलेले नाही, आणि हेतू प्रामाणिक होता हे सिद्ध होईपर्यंत माणसाची वर्षे व उमेद न्यायालयाच्या पायऱ्यांवर खर्च होण्याचा धोका राहतो. जर्मनीत यूलिश येथील न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये एका प्रोग्रामरला तीन हजार युरो दंड केला. एका सॉफ्टवेअरमध्ये उघडा पडलेला परवलीचा शब्द व त्यामागे असुरक्षित राहिलेली ग्राहकांची माहिती त्याने उजेडात आणली होती. तो खटला प्रवर्धनाचा नव्हता, आणि आरोपीने त्या शब्दाचा उपयोग करून आत पाहिले होते हाही मुद्दा होता. तरी येथील संगणकक्षेत्रात त्या निकालाने जी धास्ती पसरली ती अनाठायी म्हणता येणार नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जर्मन न्याय मंत्रालयाने, दोष शोधून संबंधितांस कळविणाऱ्या संशोधकांना फौजदारी कायद्यातून वगळण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. असा मसुदा दिल्लीतही यावा. पण तो येईपर्यंत हात बांधून बसण्याची आपणांस गरज नाही, कारण फिर्याद करणे न करणे प्रथमतः आपल्याच हाती असते.

भारतातील नियम घटना घडल्यानंतरचे फार काटेकोर आहेत. सर्ट-इन या राष्ट्रीय दलाने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविण्याचे व नोंदी १८० दिवस जपण्याचे बंधन घातले. नोव्हेंबर २०२४ च्या दूरसंचार सायबर सुरक्षा नियमांतही सहा तासांचीच मुदत आहे. पूर आल्यावर वर्दी देण्याची एवढी तजवीज झाली असताना, पूर येण्यापूर्वी बाहेरून आलेल्या वर्दीस किती दिवसांत पोच द्यावी, याविषयी मात्र आपल्या उद्योगात कोणताही शिरस्ता नाही. तो आपण स्वतः पाडावा, अशी माझी विनंती आहे. माझ्या मते दोन कामकाजाच्या दिवसांत पोच आणि चौदा दिवसांत दुरुस्ती वा तिच्या विलंबाचे कारण, एवढा नियम तालुक्याच्या गावी दोन तंत्रज्ञांवर चालणाऱ्या संस्थेलाही झेपणारा आहे. येथे बॉनमधील संघीय माहिती-सुरक्षा कार्यालय जर्मन जालचालकांना त्यांच्या पत्त्यांवरील उघड्या यंत्रांच्या याद्या नित्य पाठविते आणि ते पुढे आपापल्या ग्राहकांना कळवितात; या परिपाठाने कोणाची अब्रू गेल्याचे मी ऐकले नाही.

आणि पोचेच्या पलीकडे एक काम आहे, जे केल्याने या हल्ल्यांचे मूळच उपटले जाईल. आपल्या ग्राहकाच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या पाकिटावर, आपण त्याला दिलेल्या पत्त्याखेरीज दुसरा कोणताही पत्ता प्रेषक म्हणून लिहिलेला असेल, तर ते पाकीट तेथेच टाकून द्यावे. पॉल फर्ग्युसन आणि डॅनियल सेनी या दोघांनी मे २००० मध्ये ही शिफारस लेखी मांडली, आणि जगातील प्रत्येक पुरवठादाराने ती अमलात आणली असती तर खोट्या प्रेषक-पत्त्यावर चालणारा वरीलपैकी एकही हल्ला शक्य झाला नसता. पाव शतक उलटून गेले तरी ती पूर्णपणे अमलात आलेली नाही, कारण तिचाही लाभ प्रथम दुसऱ्यास मिळतो. ज्यांच्याकडे दोन ठिकाणांहून वरची जोडणी आहे त्यांनी ही कठोर तपासणी ग्राहकांच्या बाजूस लावावी, वरच्या बाजूस लावली तर वैध पाकिटेही गळू लागतील. एवढी काळजी घेतली तर त्यास नवे यंत्र लागत नाही आणि खर्चही पडत नाही.

आपल्यापैकी पुष्कळ जण केबलच्या एका तारेपासून, कर्ज काढून, रात्री खांबावर चढून हा व्यवसाय उभा करणारे आहेत. कोकणातल्या वाडीत आणि मराठवाड्यातल्या तांड्यावर इंटरनेट नेण्याचे श्रेय मोठ्या कंपन्यांइतकेच आपले आहे हे मी जाणतो, आणि म्हणूनच हे पत्र दिल्लीस न लिहिता आपणांस लिहिले. आपल्या संस्थेच्या संकेतस्थळावर जसाच्या तसा लावता यावा असा मजकुराचा मसुदा सोबत देतो. रिकाम्या जागी आपला पत्ता भरावा, आणि तोच पत्ता सार्वजनिक नोंदवहीतही आहे याची खात्री करून घ्यावी.

‘आमच्या जालातील कोणतेही यंत्र असुरक्षित असल्याचे अथवा प्रवर्धनाच्या हल्ल्यांसाठी वापरले जात असल्याचे आपल्या निदर्शनास आल्यास …… या पत्त्यावर मराठी, हिंदी वा इंग्रजीत कळवावे. दोन कामकाजाच्या दिवसांत पोच देऊ व चौदा दिवसांत केलेली कार्यवाही कळवू. सेवेत व्यत्यय न आणता, कोणाची खाजगी माहिती न पाहता, आणि दुरुस्तीस वाजवी अवधी देऊन सद्भावनेने कळविणाऱ्या कोणाही विरुद्ध आम्ही दिवाणी वा फौजदारी कारवाई करणार नाही.’

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
कायझर्सलाउटर्न येथील एक मराठी जालतंत्रज्ञ